वडिलांच्या बंदिशींच्या वहीवर घरगुती बैठक: ग्वाल्हेरचा हिवाळा, 12 बाय 20 चा दिवाणखाना आणि एकवीस श्रोते

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील हौशी पेटीवादक होते, मार्गशीर्षात त्यांना जाऊन वर्ष होतंय. कपाटात त्यांच्या हस्ताक्षरातली बंदिशींची वही मिळाली, त्यात साठेक बंदिशी आहेत. ग्वाल्हेरला लश्कर भागात जुनं घर आहे, दिवाणखाना 12 बाय 20 फुटांचा. आईचं म्हणणं, घरातच गाणं ठेवू. बहिणीचं म्हणणं, हॉल घेऊन शंभर माणसं बोलावू. आखणी कशी करावी, कुणाला बोलवावं, खर्च कुठे करावा?

आईचं ऐका. हॉल घेतला की माइक येतो, माइक आला की निवेदक येतो, निवेदकामागून सत्कार आणि मनोगतं येतात, आणि वही राहते टेबलावर हार घालून. शंभर माणसांसाठी वडिलांची श्रद्धांजली सभा होऊ शकते, आणि ती करण्यात गैर काहीच नाही. पण तुमच्या हातात जी वस्तू आहे ती दहा फुटांवरून ऐकायची आहे. पेटीचा भाता, तानपुऱ्याची जवारी, गाणाऱ्याने समेवर येताना घेतलेला श्वास, हे सगळं त्याच अंतरावर पोचतं.

पहिलं काम म्हणजे सूत्र अरुंद करणं. ‘बाबांच्या आठवणी’ हे सूत्र फार पसरट आहे. त्यात नातवाचं गिटार बसतं, मावशीची कविता बसते, फोटोंची चित्रफीत बसते, कुणाला नाही म्हणताच येत नाही. ‘बाबांच्या वहीतल्या, दुपार ते रात्र या वेळेच्या बंदिशी’ असं म्हटलं की निम्मे निर्णय आपोआप होतात: काय गायचं, किती वाजता, कुणी गायचं, कुणाला बोलवायचं. नाही म्हणायचं कामही सूत्रच करतं. ‘वहीत नाही’ एवढं सांगितलं की कुणाला वाईट वाटत नाही.

वर्षश्राद्ध आणि बैठक एका दिवशी ठेवू नका. श्राद्ध तिथीने होईल, नातेवाईक जेवतील, घर दमलेलं असेल. बैठक त्यानंतरच्या एखाद्या रविवारी घ्या. नातेवाईकांना श्राद्धाचं जेवण मिळालेलं असतं, त्यामुळे बैठकीला न बोलावल्याचा सल फारसा उरत नाही. बैठकीला कोण, याची कसोटी सोपी ठेवा: जे त्यांच्याबरोबर वाजवायला बसले, जे त्यांच्याकडे शिकले, आणि ज्यांच्या कानावर ती पेटी रोज पडत होती. शेजारच्या काकू तिसऱ्या गटात नक्की बसतात, दिल्लीचे साडू बहुधा बसत नाहीत.

आता तारीख. ग्वाल्हेरात घरगुती बैठकीचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे वरात. देवउठनी एकादशीपासून लग्नं सुरू होतात आणि मुहूर्ताच्या संध्याकाळी लश्करातल्या कुठल्याही गल्लीत बँड आणि डीजे दोन-दोन तास हलत नाही. बंद खिडकीतूनही त्याचा ठोका आत येतो आणि तबल्याची लय खातो. म्हणून खरमास धरा, साधारण 15-16 डिसेंबर ते 14 जानेवारी. या महिन्यात मुहूर्त नसतात, गल्ल्या शांत असतात. वर थंडीमुळे पंखा लागत नाही, कूलर लागत नाही. पंख्याची कटकट आणि त्याचा झोत, दोन्ही वाद्यांना वाईट. कूलरच्या ओलाव्याने तबल्याची पुडी (वरचं कातडं) सैल पडून स्वर उतरतो. एप्रिल ते सप्टेंबर ग्वाल्हेरात बिनमाइकची बैठक करणं म्हणूनच अवघड आहे.

खरमासात दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. तानसेन समारोह सहसा डिसेंबरातच हजिऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी असतो. त्या दिवसांत गावातले गाणारे, साथीदार आणि जाणते श्रोते तिकडे असतात, असायलाच हवेत. त्या तारखा जाहीर झाल्याशिवाय तुमची तारीख पक्की करू नका. दुसरी गोष्ट धुकं. डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या कितीही उशिरा येतात. बाहेरून गायक बोलावणार असाल तर आदल्या दिवशी बोलवा आणि मुक्कामाची सोय करा. माझं स्पष्ट मत, बाहेरून बोलावूच नका. ज्या गावात शंकर गांधर्व महाविद्यालय 1914 पासून आणि संगीतशास्त्री भातखंड्यांनी महाराज माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने उभं केलेलं माधव संगीत महाविद्यालय 1918 पासून आहे, त्या गावात ग्वाल्हेरची गायकी अंगात मुरलेला माणूस शोधायला फार लांब जावं लागत नाही. दोन्ही संस्थांतले निवृत्त शिक्षक, किंवा राजा मानसिंह तोमर संगीत विद्यापीठात शिकून आता स्वतः शिकवणारे तरुण, यांच्याकडे आधी चौकशी करा. मोठ्या नावापेक्षा वही वाचून दाखवायला तीन आठवडे आधी घरी येणारा माणूस तुम्हाला जास्त उपयोगी आहे.

तारीख मनात धरली की ज्या वेळी बैठक व्हायची त्याच वाराला, त्याच वेळी, एक आठवडा आधी दिवाणखान्यात अर्धा तास नुसतं बसा. बोलू नका, टीव्ही नको, फक्त ऐका. नळाला पाणी यायची वेळ आणि शेजाऱ्याची मोटर, देवळातल्या आरतीचा भोंगा, कोचिंगवरून सुटणारी पोरं, भाजीवाल्याची रेकॉर्ड केलेली हाळी, सगळं कळतं. मोटरबद्दल शेजाऱ्याशी आधी बोलून ठेवता येतं. आरतीची वेळ टाळता येत नसेल तर मध्यंतर तिथे बसवता येतं.

आता वहीकडे वळू, कारण सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा आहे.

वही हाताळण्याआधी प्रत्येक पान वरून, सरळ, दिवसाच्या उजेडात टिपून घ्या. शिवण सैल झाली असेल तर वही पूर्ण उघडून दाबू नका, एक तृतीयांशच उघडून हाताने आधार द्या. मग साध्या कागदावर चार रकाने करा: राग, ताल, बंदिशीचे पहिले शब्द, पानावरच्या खुणा. शेवटचा रकाना सोडू नका. कोपरा दुमडलेला, बोटाचा तेलकट डाग पडलेला, पेन्सिलने तान लिहून खोडलेली, तारीख किंवा गुरूंच्या नावाची आद्याक्षरं घातलेली, अशी पानं म्हणजे त्यांनी खरोखर घोटलेली बंदिश. कोरं करकरीत पान म्हणजे कुठून तरी उतरवून घेतलेली. बैठकीला घोटलेलीच घ्या, मग ती कितीही साधी असो.

स्वरलिपी कुठली आहे ते आधी ठरवा. ग्वाल्हेरात भातखंडे आणि पलुसकर अशा दोन्ही पद्धतींच्या वह्या सापडतात आणि घोटाळा इथेच होतो. भातखंडे पद्धतीत स्वराखाली टिंब म्हणजे मंद्र (खालचं सप्तक), वर टिंब म्हणजे तार (वरचं सप्तक), खाली आडवी रेघ म्हणजे कोमल, आणि मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ म्हणजे तीव्र मध्यम. पलुसकर पद्धतीत डोक्यावरचं टिंब मंद्र दाखवतं आणि डोक्यावरची उभी रेघ तार सप्तक. म्हणजे उभी रेघ घेतलेला तोच ‘म’ एका पद्धतीत तीव्र मध्यम आहे आणि दुसऱ्यात तार सप्तकातला शुद्ध मध्यम. ओळखायची सोपी खूण तालाच्या चिन्हांत आहे: समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) फुली आणि ‘खाली’ला (जिथे टाळी नसते तिथे) शून्य असेल तर भातखंडे, समेला 1 आणि खालीला अधिकची खूण असेल तर पलुसकर. काही हौशी लोक दोन्हींची सरमिसळ करतात, वर स्वतःच्या दोन खुणा घालतात. अशा वेळी गाणाऱ्याला पान दाखवून ‘हे तुम्हाला कसं लागतं?’ असं विचारा. रागाच्या चालीवरून त्याला लगेच कळतं.

वहीत बहुतेक छोट्या (द्रुत) ख्यालांची स्वरलिपी मिळेल, बड्या (विलंबित) ख्यालाचे नुसते शब्द असतील आणि कडेला ‘तिलवाडा’ किंवा ‘झुमरा’ असं तालाचं नाव एवढंच लिहिलेलं असेल. ते अपुरं समजू नका. बडा ख्याल गळ्यावरून गळ्यावर शिकवला जातो, कागद फक्त आठवणीपुरता. गाणारा आपल्या तालमीतली बांधणी गाईल. शब्दांत आणि सुरावटीत थोडा फरक पडेल, तो पडू द्या. ‘बाबा असं म्हणायचे’ असा आग्रह छोट्या ख्यालाच्या एका जागेपुरता धरायला हरकत नाही, सगळीकडे नको. अनोळखी बंदिश आठ दिवसांत बसवायला लावली की गाणारा शब्द सांभाळत बसतो आणि राग हरवतो. पाच बंदिशींपैकी तीन त्याला आधीपासून येत असाव्यात, दोन नव्या चालतील.

निवड वेळेवरून करा. डिसेंबरअखेर ग्वाल्हेरात सूर्य साडेपाचच्या आसपास मावळतो. तुम्ही साडेतीनला सुरू करून पावणेसातला संपवलंत तर तिसरा प्रहर, संधिप्रकाश आणि रात्रीची सुरुवात अशा तीन वेळा एकाच बसण्यात मिळतात, आणि म्हाताऱ्या माणसांना थंडी वाढायच्या आत घरी जाता येतं. भीमपलास किंवा मुलतानी यांतला एक राग, मग पूर्वी किंवा पूरिया धनाश्री, मग यमन, भूप, हमीर, केदार यांतला एक, शेवटी भैरवी. तीन राग आणि भैरवी, यापेक्षा जास्त नको. साठ बंदिशी आहेत म्हणून दहा-बारा घ्याव्यात असा मोह होतो; दहा-बारा बंदिशी म्हणजे प्रत्येकी पंधरा मिनिटं, आणि तेवढ्यात एकही राग उभा राहत नाही. वहीत सकाळचे तोडी, अल्हैया बिलावल भरपूर असतील तर उलट करा: बैठक सकाळी दहाला ठेवा. संध्याकाळ हवी म्हणून तोडी संध्याकाळी गायला लावू नका. ग्वाल्हेरचे जुने श्रोते ते सहन करणार नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे.

या गायकीत एक सोय आहे जी तुमच्या सूत्राला अगदी चपखल बसते. ग्वाल्हेर घराण्यात अस्थाई-अंतरा (बंदिशीचे दोन्ही भाग) सुरुवातीलाच पूर्ण, स्वच्छ म्हणण्याची रीत आहे. शब्द लपवत नाहीत. म्हणून श्रोत्यांच्या हातात बंदिशींचा कागद द्या. ए-फाइव्ह आकार, एका बाजूला वडिलांच्या अक्षरातलं पान, दुसऱ्या बाजूला तेच शब्द छापील. ब्रजभाषेतले शब्द जुन्या अक्षरात पटकन लागत नाहीत, म्हणून छापील मजकूर हवाच. अर्थ दोन ओळींत, शेजारी हिंदीभाषक मंडळी असणार म्हणून हिंदीतही. कागद जाड घ्या, 200 जीएसएमच्या आसपास. झेरॉक्सचा पातळ कागद एकवीस माणसांनी एकदम उलटला की आलापात तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. मूळ वही हातोहात फिरवू नका. ती फोटोजवळ, उघडी, एका पानावर ठेवा.

बसण्याचं गणित कागदावर करा. 12 बाय 20 म्हणजे 240 चौरस फूट. कलाकार आखूड भिंतीशी बसवा: 6 फूट खोल पट्टा, म्हणजे 72. त्यांच्यापुढे 3 फूट मोकळे, म्हणजे 36. उरले 132. एका भिंतीलगत 2 फुटांची वाट, 22. मागे चार खुर्च्या, 24. उरलेल्या 86 चौरस फुटांत मांडी घालून बसणाऱ्या माणसाला 5 धरले तर सतरा माणसं. सतरा आणि चार, एकवीस, घरची धरून. बावीसावं माणूस आलं की वाट बंद होते आणि मग पाणी द्यायलाही कुणाला उठता येत नाही. चाळिशीपुढच्या पाहुण्यांना आधी विचारा, ‘खाली बसता येईल ना?’ चारऐवजी आठ खुर्च्या लागणार असतील तर एकूण आकडा वीसवर आणा आणि खुर्च्या मागेच राहू द्या. पुढे खुर्च्या आणि मागे सतरंजी अशी मांडणी झाली तर मागच्यांना पाठीच दिसतात.

दाराची जागा सगळ्यात आधी बघा. दार कलाकारांच्या बाजूला असेल तर मांडणी उलटी फिरवा, नाहीतर उशिरा येणारा प्रत्येक माणूस गाणाऱ्याच्या समोरून जाईल. घंटीचा खटका काढून ठेवा आणि दाराशी एका भाच्याला बसवा. उशिरा आलेल्यांना त्याने बाहेरच थांबवायचं आणि एक बंदिश संपल्यावर आत सोडायचं.

जुन्या घरांच्या चुन्याच्या किंवा सिमेंटच्या भिंती, वर उंच छत, खाली फरशी, म्हणजे आवाज घुमणार. श्रोत्यांच्या मागच्या भिंतीवर दोन जाड गोधड्या किंवा रजया टांगा, फरशीवर सतरंजीखाली गाद्या घाला. थंडीतही त्यांचा उपयोग होतो. कलाकारांच्या मागची भिंत मात्र उघडी ठेवा, तिच्यावरून आवाज पुढे येतो. एवढ्या खोलीत माइक लागत नाही. कुणी छोटा स्पीकर आणून देतो म्हणालं तर आभार मानून नको सांगा. एकदा माइक लागला की तबला आणि पेटीलाही लागतो, आणि घरातलं गाणं लाऊडस्पीकरचं होतं. उजेड पिवळा, मंद, कलाकारांच्या चेहऱ्यावर तिरपा. जुन्या ट्यूबलाइटचा चोक गुणगुणत असेल तर ती बंदच ठेवा.

वाद्यांबद्दल गाणाऱ्याला पहिल्याच भेटीत विचारून घ्या: स्वर कुठला, तानपुरे कोण आणणार, मागे साथीला कोण, तबला आणि पेटीला कोण चालतं. साथीदार गाणाऱ्याच्या पसंतीचे असावेत. ओळखीतला तबलजी परस्पर ठरवून टाकणं हा यजमानांचा नेहमीचा उत्साह, आणि बैठक न जमण्याचं तितकंच नेहमीचं कारण. पुरुष गायक काळी एकला (पेटीची पहिली काळी पट्टी ‘सा’ धरून) गात असेल तर लहान तोंडाचा तबला लागतो, गायिकेची काळी चार-पाच असेल तर मोठ्या तोंडाचा. तबलजीला स्वर आधी कळला तर तो योग्य तबला घेऊन येतो. तानपुरे खोलीत निदान एक तास आधी ठेवा. बाहेरच्या गारठ्यातून आणून लगेच लावले तर खोली माणसांनी ऊबदार झाल्यावर उतरतात-चढतात. लावायला कलाकारांना अर्धा तास शांतता द्या. त्या अर्ध्या तासात चहा घेऊन गप्पा मारायला कुणालाही आत पाठवू नका.

वडिलांच्या पेटीची इच्छा सगळ्यांना असणार. वर्षभर बंद असेल तर महिनाभर आधी उघडून वाजवून बघा. भात्यातून हवा जाते का, पट्टी दाबून वर येते का, एखादा स्वर आपोआप वाजत राहतो का. कसर किंवा धूळ रीडमध्ये अडकलेली असते. ती कारागिराकडूनच काढून घ्या, सुई घालू नका. दुसरी अडचण जास्त महत्त्वाची: जुन्या पेटीची काळी एक आजच्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या काळी एकशी जुळतेच असं नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर बारीक मिळवणीची कळ असते. तानपुरा पेटीला मिळवायचा, पेटी तानपुऱ्याला मिळवायला गेलात तर सगळ्या रीड घासाव्या लागतील आणि जुना आवाज जाईल. पेटीवादकाला आठवडाभर आधी ती वाजवून बघू द्या. त्याला ती हातात बसली नाही तर आग्रह नको. वडिलांच्या एखाद्या शिष्याने सुरुवातीला त्याच पेटीवर दहा मिनिटं भीमपलासची धून किंवा साधी अस्थाई वाजवावी आणि मग पेटी फोटोशेजारी ठेवावी, हेही छान होतं.

फोटो कलाकारांच्या पाठीमागे नको, त्यांची पाठ फोटोकडे होते आणि गाणाऱ्यांना ते अवघड जातं. बाजूच्या भिंतीशी, बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर, कमी उंचीच्या चौरंगावर. उदबत्ती गाणं सुरू व्हायच्या बऱ्याच आधी लावा आणि विझू द्या, बंद खोलीतला धूर गळ्याला लागतो.

आईची जागा आधी ठरवा. फोटोच्या अगदी समोर बसवू नका. आतल्या दाराजवळची खुर्ची द्या, म्हणजे मध्येच उठून आत जावंसं वाटलं तर कुणाच्या लक्षात न येता जाता येईल. कुठल्या बंदिशी होणार ते आदल्या दिवशी त्यांना वाचून दाखवा. त्यांना नको असलेली एखादी असली तर ती त्या दिवशी वगळायला सांगता येते.

दुपारची आखणी साधारण अशी बसते. तीनला मंडळी, चहा, कागद हातात. साडेतीनला तुम्ही किंवा बहिणीने चार मिनिटं बोलायचं, लिहून आणि घड्याळ लावून: वही कुठली, कुणाकडे शिकले, आज काय ऐकणार. लगेच भीमपलास, बडा ख्याल आणि छोटा, पन्नास मिनिटं. साधारण साडेचार ते पाच मध्यंतर. आठवणी सांगायच्या असतील तर इथे, तिघांनीच, प्रत्येकी तीन मिनिटं, आणि त्या तिघांना आठवडाभर आधी सांगून ठेवायचं. आयत्या वेळी ‘कुणाला काही बोलायचंय का’ असं विचारलं की चौथा माणूस वीस मिनिटं बोलतो आणि सूर्य मावळून जातो. पाचला पूर्वी किंवा पूरिया धनाश्री, अर्धा तास, खिडकीचा पडदा उघडा ठेवून. दिवे तो राग संपल्यावरच लावा. मग हमीर किंवा यमन पस्तीस-चाळीस मिनिटं, आवडत असेल तर तराणा त्याला जोडून, आणि भैरवी.

स्वयंपाकाचा गाण्याशी थेट संबंध आहे: मिरचीची फोडणी बैठकीच्या वेळी पडली की गाणाऱ्याला ठसका लागतो, आणि जुन्या घरात माजघरातला धूर दिवाणखान्यात यायला दोन मिनिटं लागत नाहीत. एकवीस श्रोते आणि पाच कलाकार, सव्वीस पानं धरा. मसालेभात, कढी, पोळ्या, मटार-बटाट्याची रस्साभाजी, गाजराचा हलवा, एवढं पुरे. हलवा आदल्या दिवशी: गाजर 3 किलो, दूध 3 लिटर, साखर 600 ते 700 ग्रॅम, म्हणजे सव्वादोन-अडीच किलो होतो. भाजी दुपारी दोनच्या आत उरका. मसालेभाताला तांदूळ 2 किलो, मटारदाणे पाऊण किलो, थोडा फ्लॉवर; फोडणी, मसाला, भाज्या याच वेळी परतून झाकून ठेवा आणि सहाला फक्त आधण आणि तांदूळ घालून मंद आचेवर पातेल्यात शिजवा. कुकर नाही, शिट्टी नको. कढीला आंबट दही दीड किलो, बेसन 200 ग्रॅम, पाणी साडेतीन लिटर, फोडणी दुपारीच. पोळ्या बाहेरून सांगा, सत्तर पुरतात.

चहा दोन वेळा, प्रत्येक वेळी तीन लिटर: निम्मं दूध, निम्मं पाणी, चहा 70 ग्रॅम, भरपूर आलं; बिनसाखरेचा वेगळा थर्मास. कुल्हडात द्या, कपबश्यांची खणखण टळते. डिसेंबर म्हणजे तिळाची गजक आलीच, पण ती निघताना पुडीत बांधून द्या. मध्यंतरात दिलीत तर पुढचा पूर्ण राग कुरुमकुरुम चालू राहतं, तिळाचा कण घशात अडकून खोकलाही येतो. गाणाऱ्यासाठी कोमट पाणी झाकणाच्या तांब्यात, हाताशी. त्यांना गाण्याआधी जेवायचा आग्रह करू नका.

खर्चाचा मोठा वाटा मानधनावर जाऊ द्या, सजावटीवर नाही. रक्कम पहिल्या भेटीतच मोकळेपणाने विचारा. ‘घरचंच आहे’ हा शब्द यजमानाने वापरू नये, तो वापरायचा हक्क कलाकाराचा. तबला, पेटी आणि तानपुऱ्यावर बसणाऱ्या विद्यार्थ्यांची पाकिटं वेगळी करा, नावं घालून. बिदागी भैरवीनंतर, जेवणाआधी, आईच्या हातून, नारळासह. शाली हव्या असतील तर त्या थंडीच्या उपयोगाच्या घ्या.

ध्वनिमुद्रणाची परवानगी आधीच मागा, आणि कुठेही टाकणार नाही असं ठरलं तर टाकू नका. एक फोन फ्लाइट मोडवर, कलाकारांपासून सात-आठ फुटांवर, जमिनीवर न ठेवता छोट्या तिपाईवर रुमालाच्या घडीवर; जमिनीवर ठेवलात तर तबल्याचा डग्गाच सगळं व्यापतो. बाकीचे फोन दाराशी टोपलीत. छायाचित्रकार नको, फ्लॅश तर नकोच. मध्यंतरात भाचा दहा फोटो काढू शकतो.

आमंत्रण छापू नका. प्रत्येकाला फोन करा, मग एक छोटा मजकूर पाठवा, त्यात तीन गोष्टी स्पष्ट: साडेतीनला दार बंद होईल, पावणेसातला गाणं संपेल आणि मग जेवण, जागा मोजक्या आहेत म्हणून येणार की नाही ते दहा दिवस आधी कळवा. ‘सहकुटुंब’ हा शब्द नको. सवयीने लिहिला जातो आणि एकवीसचे पस्तीस होतात. पाच-सहा वर्षांची मुलं आणणार असतील तर शेजारच्या खोलीत एक मोठं माणूस आणि रंगांच्या खडूंची सोय ठेवा.

सगळं करूनही गाणाऱ्याचा गळा त्या सकाळी बसू शकतो, थंडीत हे होतंच. म्हणून आठवडाभर आधी त्यांनाच विचारून ठेवा की त्यांच्या शिष्यांपैकी कोण यातल्या दोन बंदिशी म्हणू शकेल. सकाळी दहाला फोन करून तब्येत विचारा. गळा नसेल तर बडा ख्याल गाळा, पेटीवर भीमपलास अर्धा तास, शिष्याच्या गळ्यातून दोन छोटे ख्याल, आणि उरलेल्या वेळात गुरूंनीच पानं समोर ठेवून वहीतल्या बंदिशी कशा आहेत ते बोलून, गुणगुणून दाखवायचं. पाहुण्यांना तसं तीन वाजता दारातच सांगा, बैठक रद्द करू नका.